वीजबिलाची तक्रार : तोंडी नव्हे, लेखी

कापड मापात कमी भरले तर गिऱ्हाईक दुकानदाराला जाब विचारते. विजेचा मीटर हेही एक मापच आहे. त्याचा जाब विचारण्याचा हक्क कायद्याने ग्राहकास दिला आहे. मात्र तो लेखी बजवावा लागतो.

दापोलीकरांना २०२० साल आठवत असेल. टाळेबंदीमुळे मार्चपासून रीडिंग बंद होते व सरासरीची बिले येत होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने तालुक्यात विजेचे खांब आडवे केले. पुढे साचलेल्या रीडिंगची एकत्र बिले आली आणि राज्यभर ओरड झाली.

असे बिल आल्यास प्रथम ते वाचावे. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले की युनिट निघतात. चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ असे छापले असेल, तर ते बिल सरासरीचे समजावे. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. तीन महिन्यांचे २७० युनिट महिनावार वाटले, तर दरमहा ९० पडतात व सर्व कमी दरात बसतात. एकाच महिन्याचे धरले, तर १७० युनिटांना चढा दर लागतो. ही विभागणी झाली आहे का, हे पाहावे.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी दरमहाची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरावी. समजा बिल १८,००० रुपयांचे व सरासरी २,४०० ची आहे. तर वाद मिटेपर्यंत दरमहा २,४०० भरणाऱ्याची वीज तोडता येत नाही. काहीच न भरणाऱ्यास हे संरक्षण नाही.

जुन्या बाकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेर वीज कंपनी विरुद्ध रहमतुल्ला खान या खटल्यात निकाल दिला. कंपनी आपल्या चुकीची पुरवणी मागणी दोन वर्षांनंतरही करू शकते, परंतु तिच्यासाठी वीज तोडू शकत नाही.

अर्ज महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्यावा व दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. दाद न लागल्यास दोन वर्षांच्या आत ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. तेथे वकील लागतोच असे नाही. मंचाचा निकाल मान्य नसेल, तर विद्युत लोकपाल आहेत. वीजचोरीची प्रकरणे मात्र मंच ऐकत नाही.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. वीज आधी वापरून पैसे मागाहून देणे ही उधारीच होय. म्हणून प्रत्येक बिल, पावती व अर्जाची प्रत खातेवहीसारखी जपावी.