कॅमेरा घ्यायचाय? आधी हिशोब करा!

कळंब्यात घरूनच चपला, मसाले विकताय आणि फोटोसाठी छोटा डिजिटल कॅमेरा हवाय? मेगापिक्सेलला भुलू नका, सेन्सर बघा. १ इंची सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा क्षेत्रफळानं सुमारे चौपट असतो, म्हणून कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो.

जुना घेताय? पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. डाग दिसले तर आत धूळ असू शकते, आणि या कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही. बॅटरी बाजारात मिळते का, तेही बघा.

नवा घेताना पक्कं बिल घ्याच. १२,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,१६०. तुमची नियमित नोंदणी असेल आणि कॅमेरा धंद्यासाठी असेल, तर ते तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतात. मग बिलाशिवायची हजाराची सूट स्वस्त कशी?