भिडस्त प्रवासी आणि सोळा तासांची बैठक

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, चिकूच्या वाड्या आणि सुरूची बने यांच्या आश्रयाने वसलेल्या चिखले गावातून लेकीच्या बाळंतपणासाठी, अथवा मुलाचा परदेशी थाटलेला संसार एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून, जे वडीलधारे दांपत्य अमेरिकेस निघते, त्याचा प्रवास विमानाची चाके जमीन सोडतात तेव्हा सुरू होत नाही. पश्चिमेकडील पुष्कळशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटावयाची, त्यासाठी तीन तास आधी सहारच्या दुसऱ्या टर्मिनलवर हजर राहावयाचे, आणि मनोरपासून वर्सोवा पुलापर्यंत महामार्गावर कोठे खोळंबा होईल याचा काही भरवसा नसावयाचा. म्हणून दुपारचा चहा होतो न होतो तोच गाडी दारात उभी राहते, शेजारीपाजारी निरोपाला जमतात, चारोटी नाक्याला गाडी महामार्गास लागते, आणि न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या विमानात ही माणसे आपापल्या जागी स्थिरावतात तेव्हा घर सोडून त्यांना दहा-बारा तास होऊन गेलेले असतात. खरा प्रवास, सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांचा आणि पंधरा-सोळा तासांचा, अद्याप संपूर्ण पुढेच असतो.

पासपोर्ट, व्हिसा, विम्याचे दस्तऐवज, प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा आणि त्यांचे पुन्हा पुन्हा केलेले वजन या सर्वांचा बंदोबस्त मुले दुरूनही दक्षतेने करतात. परंतु त्या पंधरा-सोळा तासांच्या बैठकीत शरीराचे काय होते, आणि तिकिटाच्या दामात आपल्याला कशाकशाची मुभा मिळालेली आहे, हे मात्र आईवडिलांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. माझे असे स्पष्ट मत आहे की, इकॉनॉमी वर्गातील आपल्या लोकांच्या हालअपेष्टांपैकी मोठा भाग जागेच्या अपुरेपणातून नव्हे, तर त्यांच्या भिडेतून निर्माण होतो. शेजाऱ्याची झोप मोडेल म्हणून उठावयाचे नाही, उठावे लागू नये म्हणून पाणी प्यावयाचे नाही, इंग्रजी चुकेल म्हणून पाणी मागावयाचेही नाही, असे हे एकातून एक निघणारे संकोच आहेत, आणि त्यांचा थेट संबंध रक्ताभिसरणाशी आहे.

ज्या वर्गात आपण बसतो त्याचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनकडे झेपावले, तेव्हा त्यात अवघे 35 प्रवासी होते. इतरेजनांसाठी बॅलार्ड पिअरवरून सुटणारी आगबोट आणि समुद्रावरील दोन-तीन आठवडे हाच मार्ग होता. सामान्य उत्पन्नाच्या माणसाला परवडेल असा इकॉनॉमी वर्ग 1958 साली अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत प्रथम सुरू झाला, आणि वरच्या वर्गाहून तो निराळा दिसावा म्हणून त्यात साध्या, थंड सँडविचपलीकडे काही वाढू नये अशी ताकीद विमान कंपन्यांच्या संघटनेने घातली. स्कँडिनेव्हियातील एका कंपनीने त्या सँडविचवर इतके जिन्नस रचले की प्रकरण दंडापर्यंत गेले. पुढे 1960 साली एअर इंडियाची बोइंग 707 न्यूयॉर्कला पोहोचली, 1971 साली जंबो जेट आले, आणि ज्या घरांतून पूर्वी कोणी मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते त्या घरांतील माणसांनाही सातासमुद्रापलीकडचा प्रवास आवाक्यात आला. ही स्वस्ताई जागेच्या काटकसरीतून साधली आहे, ही गोष्ट मनाशी स्वच्छ असावी, म्हणजे जागेविषयी अवास्तव अपेक्षा राहत नाही.

आज एका आसनावरील विशिष्ट बिंदूपासून पुढील आसनाच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर बहुधा 31 ते 32 इंच, आणि आसनाची रुंदी 17 ते 18 इंच असते. मोठ्या विमानात एका रांगेत नऊ किंवा दहा माणसे बसतात. एवढ्या जागेत गुडघ्याशी काटकोन करून तासन्‌तास बसले असता पोटरीच्या स्नायूंचे आकुंचन-प्रसरण थांबते. पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे चढवण्याचे काम मुख्यतः हेच स्नायू करीत असल्याने, ते थांबले की रक्त खाली साचते, पाय सुजतात, चपला घट्ट होतात, आणि क्वचित् प्रसंगी खोल शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. 1940 साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना आश्रयस्थानांत रात्रभर आरामखुर्च्यांवर बसून राहिलेल्या लोकांत अशा आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण वाढल्याची नोंद कीथ सिम्पसन या वैद्यकतज्ज्ञाने केली होती, आणि खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतते याकडे लक्ष वेधले होते. म्हणजे दोष आकाशाचा नाही, दीर्घ अचल बैठकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 सालच्या अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ निश्चल बसून केलेल्या प्रवासात, मग तो विमानाचा असो, आगगाडीचा असो वा मोटारीचा, हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एखाद्याला, इतका अल्पच राहतो. त्यामुळे भयभीत होण्याचे कारण नाही, परंतु गाफील राहण्याचेही नाही.

त्याच अहवालातील एक तपशील आपल्या घरांच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. फार उंच माणसांप्रमाणेच 160 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या माणसांनाही हा धोका अधिक असतो. आपल्याकडील कित्येक आया आणि आज्या या मापाच्या आत बसतात. त्यांचे पाय विमानाच्या फरशीवर नीट टेकत नाहीत, अधांतरी लोंबकळतात, आणि आसनाची कड मांडीच्या मागच्या बाजूस दाबून बसते. हातातली छोटी पिशवी पायाखाली आडवी ठेवून तिच्यावर तळपाय टेकवले की हा दाब तत्क्षणी कमी होतो. टाचा उचलणे, चवडे उचलणे, घोटे फिरवणे हे बसल्या जागी करता येते, आणि दर तास-दीड तासाने मधल्या वाटेतून एक फेरी मारावी. ज्यांना पूर्वी गुठळीचा विकार झाला आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे हे अर्थातच अनिवार्य आहे.

येथेच जागेच्या निवडीचा प्रश्न येतो. मुले प्रेमापोटी आईवडिलांसाठी खिडकीकडची जागा राखून ठेवतात, ढग दिसावेत म्हणून. मध्यरात्रीच्या विमानात ढग दिसत नाहीत. दिसतात ते वाटेकडच्या बाजूस गाढ झोपलेले दोन अनोळखी प्रवासी, ज्यांना उठवल्यावाचून बाहेर पडता येत नाही. मग आई ‘असू दे, मला नाही जायचं’ म्हणत आठ-आठ तास बसून राहते. अशा प्रवाशासाठी मधल्या वाटेलगतची जागा हीच योग्य तजवीज होय, आणि दोघे असतील तर एकाच रांगेत वाटेच्या दोन्ही बाजूंस एकेकाने बसावे. शेजाऱ्याला हाताने खूण करून उठवण्यात कसलाही अविनय नाही. विमानातील सर्वमान्य रीतच ती आहे.

हवेविषयी दोन शब्द. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जात असले तरी आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका राखतात. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे सुमारे 5400 फूट. तेव्हा प्रवासी रात्रभर कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ हवेत श्वास घेत असतो. निरोगी माणसाला ते फारसे जाणवत नाही, थकवा मात्र येतो. दाब कमी झाल्याने पोटातील वायू फुगतो, म्हणून निघण्याच्या दिवशी वालाचे बिरडे टाळलेले बरे. आर्द्रता तर वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. समुद्राच्या दमट वाऱ्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे ओठ, डोळे, नाक त्या कोरडेपणाने अक्षरशः तडकतात, आणि तहान लागली आहे हे मात्र उशिरा कळते. सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते. ती पलीकडील नळावर भरून घ्यावी. विमानातही आसनाजवळचे घंटीचे बटण दाबून किंवा मागील भागातील छोट्या स्वयंपाकघरापर्यंत चालत जाऊन, कितीही वेळा पाणी मागावे. ‘वॉटर, प्लीज’ एवढे दोन शब्द त्यासाठी पुरेसे आहेत. स्वच्छतागृहात पाण्याची सोय तुटपुंजी असते, आणि आपल्या ज्येष्ठांच्या पाणी न पिण्यामागे बोलून न दाखवलेले कारण पुष्कळदा हेच असते. एक छोटा पेला किंवा रिकामी बाटली सोबत आत नेली की ही अडचण बव्हंशी दूर होते. अशा गोष्टी घरात मोकळेपणाने बोलल्या गेल्या पाहिजेत.

भोजनाच्या बाबतीत घोटाळा होतो तो नावाचा. तिकीट काढताना ‘हिंदू मील’ असा पर्याय दिसतो, आणि तो शाकाहारी असणार अशी समजूत होते; वास्तविक त्यात गोमांस वर्ज्य असले तरी कोंबडी, बोकड वा मासळी असू शकते. ज्यांना निखळ शाकाहार हवा त्यांनी ‘एशियन व्हेजिटेरियन मील’, आणि कांदा-लसूण व कंदमुळे नको असलेल्यांनी ‘जैन मील’ मागावे. मात्र ही नोंद सुटण्याच्या निदान 24 तास आधी झालेली असावी. अन्न बेचव लागते त्याचाही दोष सर्वस्वी रांधणाऱ्याचा नसतो. कोरडी हवा, कमी दाब आणि इंजिनांचा अखंड घरघराट यांमुळे मीठ आणि गोडी यांची जाण मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणूनच मेतकूट लावलेली दशमी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत असल्या तर त्या आकाशात विशेष रुचकर लागतात.

भाषेच्या धास्तीपोटी आणखी एक प्रथा रूढ झाली आहे. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत असे अनेक ज्येष्ठ प्रवासीही व्हीलचेअरची मागणी नोंदवतात, कारण ती ढकलणारा माणूस त्यांना इमिग्रेशनच्या खिडकीपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत बिनचूक पोहोचवतो. त्यांना दूषण देणाऱ्यांशी मी सहमत नाही. या माणसांना खुर्ची नको असते, वाटाड्या हवा असतो. आणि विमानतळांनी मराठी, गुजराती, हिंदी, तेलुगू बोलणारे असे वाटाडे नेमले, तर ज्यांना खरोखर चालता येत नाही त्यांच्या वाट्याच्या खुर्च्या आपोआप मोकळ्या होतील. तोवर ज्यांना गरज आहे त्यांनी निदान 48 तास आधी तशी इतल्ला कंपनीस द्यावी.

झोप येवो न येवो, देहातील घड्याळ आपल्या गतीनेच चालते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तेव्हा पहिले काही दिवस आजोबांना पहाटे तीनला टक्क जाग येते आणि भर दुपारी डोळे मिटू लागतात. शरीराचे नैसर्गिक चक्र चोवीस तासांहून किंचित मोठे असल्याने दिवस लांबणारा पश्चिमेचा प्रवास ते सहज पचवते, पूर्वेकडे परतताना मात्र अधिक दिवस घेते. दिवसा उजेडात राहणे हाच त्यावरचा सर्वांत विश्वासार्ह उपाय होय. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ती कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यावयाची हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

उतरल्यावर शेवटचा टप्पा जकातीचा. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि वाडीतली चार फळे नातवंडांच्या हाती पडावीत असे कोणत्या आजोबांना वाटणार नाही? परंतु ताजी फळे प्रवाशाने अमेरिकेत नेण्यास बहुतांशी बंदी आहे. बाळंतिणीसाठी नेलेले डिंकाचे लाडू, अळीव, चिकूच्या वाळवलेल्या चकत्या, सुके बोंबील, यांपैकी जे काही सामानात असेल ते, अधिकाऱ्याने अन्नपदार्थांविषयी विचारताच, आढेवेढे न घेता सांगून टाकावे. सांगितलेला जिन्नस नियमात बसत नसेल तर तो काढून घेतला जातो, एवढेच. न सांगितलेला सापडला तर तीनशे डॉलरपासून पुढे दंड होऊ शकतो. पदार्थांची इंग्रजी यादी मुलांकडून आधीच मागवून पासपोर्टमध्ये घडी करून ठेवली, की त्या अधिकाऱ्याशी बोलण्याची वेळ आली असता कागद पुढे करता येतो.