वसईचा तह, पुण्याचा सज्जा

वसईचा किल्ला दगडाचा. पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशवे दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. हडपसरला यशवंतराव होळकरांनी धूळ चारल्यावर तो कोकणातून पळत वसईपर्यंत आला होता. तहाने त्याला सहा हजारांचं तैनाती पायदळ मिळालं. खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख गेला. १८०३ च्या मे महिन्यात तो पुन्हा गादीवर बसला आणि पुढे काही वर्षांत पुण्यात त्याचा विश्रामबाग वाडा उभा राहिला. या वाड्याचा पाया वसईत घातला गेला, असं माझं मत आहे.

शनिवारवाड्याला तट आहे, बुरूज आहेत. विश्रामबागला दोन्ही नाहीत. रस्त्यालगत सरळ दर्शनी भिंत आणि दरवाजावर कोरीव लाकडी सज्जा. रक्षणाला कंपनीची पलटण असताना तट कोणासाठी बांधायचा?

आत मात्र कारागिरी अस्सल आहे. जोतं घडीव दगडाचं, त्यावर सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब: बुडाशी फुगीर, वर निमुळते होत गेलेले, अंगावर पानांची नक्षी. दोन खांबांमध्ये लाकडी महिरप. छताचा भार खांब-तुळयांचा सांगाडा पेलतो. चुन्यातल्या विटांची भिंत बरीचशी मधली जागा भरते. म्हणूनच असा वाडा कचेरीला सोयीचा. दिवाणखान्यात फळकुटांच्या आडभिंती घाला, चार खोल्या तयार. सांगाड्याला धक्का लागत नाही. (दिवाणखान्याची शोभा जाते, ते वेगळं.)

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज घडलं. मग हायस्कूल आलं, सरकारी दप्तरं आली. १३ मे १८७९ रोजी पुण्यातलाच बुधवार वाडा पेटला, तेव्हा विश्रामबागलाही आग लागली. एक भाग जळाला, पण वर्गणी काढून तो पुन्हा उभारला गेला. विसाव्या शतकात पुणे नगरपालिकेचा, मग महापालिकेचा कारभार अनेक वर्षं इथूनच चालला. टपाल कचेरीनेही इथे बस्तान मांडलं.

मालकाला हा वाडा जेमतेम दशकभर लाभला. कारकुनांनी त्याच्या कितीतरी पट वापरला. १८२८ मध्ये जळालेल्या शनिवारवाड्याची तटबंदी आणि जोती उरली, इमारत उरली नाही. विश्रामबाग उभा आहे, कारण तिथे रोज कोणाला तरी काम होतं.

हेच वसईतही करता येईल. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. वसईगावात, आगाशीत जी जुनी घरं अजून तग धरून आहेत, त्यांतलं एखादं पुनर्विकासाला जाण्याआधी तिथे प्रभाग कार्यालय किंवा वाचनालय बसतं का, हे पालिकेने तपासावं. आणि वसईकरांनी तशी मागणी लेखी करावी.