अच्छाडची सीमा आणि धर्मस्वातंत्र्याची दोन मापे

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ तलासरी तालुक्यातील अच्छाड येथे महाराष्ट्राची हद्द ओलांडतो. पुढे गुजरातमधले भिलाड. माती तीच, वारली समाजाची वस्ती दोन्हीकडे. कायदा मात्र बदलतो.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुजरातने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. तिथे गोवंशहत्येला किमान दहा वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. परराज्यात कापलेले गोमांस जवळ बाळगणे हाही महाराष्ट्रात गुन्हा ठरवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ते कलम रद्द केले. माणसाच्या खासगी आयुष्यात सरकारने इतके डोकावू नये, असा त्या निकालाचा आशय होता. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

धर्मांतराचेही तसेच. गुजरातमध्ये २००३ पासून त्यासाठी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात विवाहही ओढला गेला. जमियत उलमा-ए-हिंदच्या गुजरात शाखेने याला आव्हान दिले आणि १९ ऑगस्ट २०२१ रोजी गुजरात उच्च न्यायालयाने काही कलमांना अंतरिम स्थगिती दिली. जबरदस्ती, आमिष किंवा फसवणूक नसेल, तर केवळ दोन धर्मांतील विवाह म्हणून ही कलमे लावता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

या झाल्या सरकारी बंधनांच्या गोष्टी. पण धर्मस्वातंत्र्य फक्त सरकारच हिरावून घेते का? अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर २००७ पासूनच्या घडामोडींचा अभ्यास करून यासाठी दोन वेगळी मापे वापरते. एक सरकारी निर्बंधांचे, दुसरे समाजातील धार्मिक वैराचे. १९८ देश व प्रदेशांना दहापैकी गुण दिले जातात. गुण जितके जास्त तितकी परिस्थिती वाईट.

सरकारी निर्बंधांत चीन अनेक वर्षे अगदी वर आहे. शिनजियांगमधील उइगुर मुसलमानांचे हाल जगाला ठाऊक आहेत. पण याच यादीत वरच्या गटात इराण आणि इजिप्तही आहेत, हे आपण प्रामाणिकपणे वाचले पाहिजे. मालदीवच्या राज्यघटनेनुसार मुस्लिमेतर व्यक्तीला नागरिकत्व मिळू शकत नाही. फ्रान्समध्ये २००४ साली सरकारी शाळांत हिजाबवर बंदी आली तेव्हा आपल्याला वाईट वाटले. स्वित्झर्लंडने २००९ मध्ये जनमताने नवे मिनार बांधायला मनाई केली, तेव्हाही वाटले. तेच दुःख मुस्लिमबहुल देशांतल्या अल्पसंख्याकांसाठी वाटले, तरच आपले मागणे न्यायाचे ठरते. नाहीतर ते केवळ आपल्या माणसांसाठीचे गाऱ्हाणे उरते.

दुसरे माप आपल्याला अधिक जवळचे आहे. २०२० सालच्या पाहणीत सामाजिक वैराच्या मापात भारताला दहापैकी ९.४ गुण मिळाले, म्हणजे जगात सर्वाधिक. त्या वर्षाची एक घटना अच्छाडच्या शेजारच्याच डहाणू तालुक्यातली आहे.

लॉकडाऊनचे दिवस होते. परिसरात मुले पळवणारी टोळी फिरते अशी आवई उठली होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक आतल्या रस्त्याने गडचिंचले येथे पोहोचले. जमावाने पोलिसांसमोर त्यांना ठार मारले. तीन निरपराध माणसे अफवेने मारली.

मग दुसरी अफवा सुटली, की हे मुसलमानांनी केले. ती देशभर मोबाइलवर फिरली. अखेर तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले; दुसरीने एका समाजाला नाहक आरोपी केले.

त्याच काळात तबलीगी जमातीवर रोग पसरवल्याचा ठपका आला. इथे दोन्ही मापे एकमेकांत मिसळली. समाजात संशय होताच, त्यात सरकारी गुन्ह्यांची भर पडली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. निकाल आला, पण फळवाल्याकडे संशयाने पाहणारी नजर निकालाने लगेच बदलत नाही.

ही नजर या मातीची जुनी रीत नव्हे. अच्छाडपासून जवळच, गुजरातच्या हद्दीत, संजाण आहे. पारशी बांधव आपल्या पूर्वजांचे भारतातील पहिले आश्रयस्थान म्हणून ते ओळखतात. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यांपैकी शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संजाणच्या कारभाऱ्याचे नाव मधुमती असे येते. अभ्यासकांच्या मते हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप. तो ताजिक, म्हणजे अरब होता. हिंदू राजाने नेमलेल्या या मुसलमान अधिकाऱ्याने नदी ओलांडणाऱ्यांसाठी मोफत नाव सुरू केली, अन्नछत्र उघडले आणि राजाच्या संमतीने देवीच्या मठिकेला एक गाव दान दिले. त्या काळीही लढाया होत्या, अन्यायही होता. तरीही सत्ता ही अमानत मानून ती सर्वांसाठी वापरता येते, एवढे हा तांब्याचा पत्रा नक्की सांगतो.

मग आपल्या घरांनी काय करावे? सरकारी निर्बंधांचे उत्तर राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आणि न्यायालयात आहे. वरचे तिन्ही निकाल कुणीतरी कागदपत्रे घेऊन दाद मागितली म्हणून लागले. मुलामुलींना कायदा शिकवणे ही म्हणूनच चैन नव्हे, गरज आहे.

सामाजिक वैराचे उत्तर मात्र कोणताही वकील देणार नाही. सूरह हुजुरातची सहावी आयत आलेल्या बातमीची आधी शहानिशा करायला बजावते, नाहीतर नकळत कुणावर अन्याय होईल आणि मग पस्तावाल. ही शिकवण आपल्याविरुद्धच्या अफवेपुरती नाही. दुसऱ्या समाजाविरुद्धचा, आपल्याला आवडणारा संदेश मोबाइलवर येतो, तेव्हाच तिची खरी कसोटी लागते. तो पुढे न पाठवणे एवढे तर आजच, प्रत्येकाच्या हातात आहे.