तापलेले लोखंड आणि बादलीतले पाणी

मृगाच्या आधी औजारांची दुरुस्ती निघते. परभणी जिल्ह्यात देवगाव फाट्यासारख्या रस्ते फुटतात त्या जागी लोहाराचा नाही तर घिसाड्याचा भाता चालू होतो. लोक विळे, खुरपी, वखराच्या पासा घेऊन येतात. लोहारदादा पास लाल करतो, ऐरणीवर ठोकतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो. वाफ उठते. पास थंड होते, पण पाणी गरम होते. किती गरम? याचा हिशेब घरच्या घरी करता येतो.

तापमान अंशांत मोजतात. निरोगी माणसाचे अंग सुमारे ३७ अंश असते. आपल्याकडे पाणी सुमारे १०० अंशांवर उकळते. लालभडक लोखंड ८०० अंशांच्या आसपास असते.

समजा, पास ८३० अंश तापली आहे. पाणी ३० अंश आहे. मग दोघांची बरोबरी मधोमध, म्हणजे ४३० अंशांवर होईल काय? नाही. ते पाणी तर उकळून संपले असते!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पोत्यात कापूस भरला तर ते हलके राहते. तेच पोते ज्वारीने भरले तर जड होते. दिसायला दोन्ही पोती भरलेलीच. लोखंडाचे तसेच आहे. ते लवकर तापते, पण त्यात उष्णता थोडी मावते. पाण्यात पुष्कळ मावते. एक किलो पाणी एक अंश तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या नवव्या हिश्श्यात एक किलो लोखंड एक अंश तापते. लाल होईपर्यंत तापवले तर लोखंड थोडी जास्त उष्णता घेते. तेव्हा सरासरी सहावा हिस्सा धरावा. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० च्या सुमारास हा फरक ओळखला.

आता हिशेब मांडू. पास ३ किलोची आहे. तिचा सहावा हिस्सा अर्धा किलो. म्हणजे ही पास उष्णतेच्या बाबतीत अर्धा किलो पाण्याइतकी. बादलीत साडेनऊ लिटर पाणी आहे, म्हणजे साडेनऊ किलो. दोन्ही मिळून १० किलो झाले.

पास पाण्यापेक्षा ८०० अंशांनी जास्त तापलेली आहे. अर्धा गुणिले ८०० म्हणजे ४००. हे ४०० दहा किलोंत वाटले. प्रत्येकी ४० आले. ३० आणि ४० मिळून ७० अंश. पास आणि पाणी, दोन्ही सुमारे ७० अंशांवर येतील. थोडी उष्णता वाफेबरोबर जाते, म्हणून खरा आकडा जरा कमी भरेल.

७० अंशांचे पाणी हाताला क्षणात भाजते. पण दिसायला ते गार पाण्यासारखेच! भात्याजवळ पोरे खेळतात, कोणी तहानेने हात घालते. लोखंडाचेही तसेच. लाली गेली तरी काळे लोखंड ३००–४०० अंश असू शकते.

त्याच पाण्यात दुसरी पास टाकली तर? ८३० वजा ७० म्हणजे ७६०. त्याचे निम्मे ३८०. दहांत वाटले की ३८. सत्तर आणि अडतीस १०८ झाले. पण पाणी १०० च्या पुढे जात नाही, ते उकळून वाफ होते. असे कढत पाणी धारेलाही चांगले नाही. वाफेचा थर लोखंडाला वेढतो, पास सावकाश निवते आणि धार मऊ राहते. गिऱ्हाईक मग लोहाराला बोल लावते.

बादलीऐवजी मोठा हौद घ्या. साडेएकोणचाळीस लिटर पाणी धरा. एकूण ४० किलो. ४०० भागिले ४० म्हणजे १०. पहिल्या पासेनंतर पाणी फक्त ४० अंश होईल. दुसरीनंतर ५० च्या आतच राहील. मोठा हौद नसेल तर दर पासेला पाणी बदलावे.

एवढे करूनही कोणाचा हात भाजलाच, तर तो लगेच गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, हळद, शाई, तूप काही लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठावा.