मेमधला टँकर, ऑक्टोबरातला हिशेब

टंचाईचा कृती आराखडा तीन टप्प्यांत तयार होतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. जालना जिल्ह्याला यातला तिसरा टप्पा पाठ आहे. त्यात टँकर येतो, विहिरी अधिग्रहित होतात, पाहणीला साहेब येतात. पहिल्या टप्प्यात सहसा कुणी फिरकत नाही. म्हणून पावसाळा सरताना बदनापूर तालुक्यातल्या एका गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात तो बघायला गेलो.

काम विहिरीवरून सुरू होतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. टेप आत सोडायचा, पाण्याला टेकला की थांबायचं, आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची. दिसायला सोपं, पण पुढचं सगळं या आकड्यावर उभं राहतं. इथं खाली काळा पाषाण. पाणी धरतो तो त्यावरचा मुरूम आणि भेगाळ खडक. हा थर उथळ असल्याने चांगल्या पावसात लवकर भरतो आणि मोटारी लागल्या की तितक्याच लवकर उतरतो. त्याखाली बोअर कितीही फूट नेलं तरी पाणी लागेलच याची हमी नाही.

मग ग्रामपंचायतीत फळ्यावर जमाखर्च. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. त्यातलं वाहून गेलेलं आणि उन्हानं उडालेलं वजा केलं की उरतं ते मुरलेलं. खर्चाच्या बाजूला माणसं, जनावरं, पिकं. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मोसंबीचा आकडा आला की खुर्च्या सरकतात. एकरात शंभराच्या आसपास झाडं आणि भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला शंभरेक लिटर, म्हणजे रोज 10 हजार लिटर. टँकरचा निकष माणशी 20 लिटरचा. एका एकराचं पाणी पाचशे माणसांचं.

"मग काय, बागा तोडाव्या का?" मागून एकजण विचारतो. प्रश्न रागाचा आहे आणि रास्तही. 2012-13च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी आपल्याच हातांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. फळ्याशी हिशेब मांडत उभ्या असलेल्या ताई शांतपणे म्हणतात, "बाग ठेवा काका. गव्हाचं बोला."

हे बोलणं ऑक्टोबरातच होऊ शकतं. गहू पेरून झाल्यावर त्याला पाणी देऊ नका असं कुणी सांगत नाही आणि कुणी ऐकतही नाही. त्यानंतर उरते ती फाईल : ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीकडे प्रस्ताव, तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी, जवळपास अधिग्रहण करण्याजोगी विहीर आहे का याचा शोध, मग टँकरची मंजुरी. टँकर सुरू झाला की खेपांची नोंदवही आणि जीपीएसची पडताळणी. टँकर लागतोच, तो थांबवून चालणार नाही. पण त्याच्यावर गेलेल्या पैशातून पुढच्या वर्षासाठी एक थेंबही मुरत नाही.

मुरवण्यावर पैसा घातला तर काय होतं, ते याच जिल्ह्यात कडवंची गावानं दाखवलं. 1996 ते 2002 या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, नाबार्डच्या निधीवर आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. नंतर द्राक्षबागा आल्या, शेततळी आली. मात्र ताळेबंद शेततळ्यालाही सूट देत नाही. प्लॅस्टिक अंथरलेलं तळं विहिरीतून उपसून भरलं, तर सगळ्यांच्या खडकातलं पाणी एकाच्या नावावर जातं आणि उन्हाला उघडं पडतं.

मोठ्या योजनांनाही ऑक्टोबर चुकत नाही. जालना शहराला पाणी देणाऱ्या जायकवाडीची क्षमता 102 टीएमसी, त्यातला 26 टीएमसी मृत साठा. 2014च्या आदेशानं 15 ऑक्टोबरला धरणातला उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलं. प्रस्तावित वॉटर ग्रिड योजनेच्या नळांनी धरणं जोडली तरी त्या नळांतून काय वाहणार, ते या तारखेच्या साठ्यावरच अवलंबून राहील.

पैशाची दिशा थोडी बदलते आहे. 6 हजार कोटींच्या अटल भूजल योजनेत, जिचा निम्मा भार जागतिक बँकेच्या कर्जावर आहे, जालन्यासह राज्यातले 13 जिल्हे घेतले गेले. तिथं निधीचा मोठा भाग कामाच्या फलिताशी बांधला : ताळेबंद झाला का, पातळीची माहिती लोकांपुढे ठेवली का, पातळी घसरायची थांबली का.

सभेत शेवटी दोन गोष्टी ठरल्या. गहू कमी करून हरभरा आणि ज्वारी वाढवायची, आणि पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर होऊ द्यायची नाही. दुसरी गोष्ट कायद्यात 1993पासूनच आहे. पहिलीचा तोटा मात्र शेतकऱ्यानं एकट्यानं सोसायचा. हरियाणानं 2020मध्ये भात सोडणाऱ्याला एकरी 7 हजार रुपये देऊ केले. जालन्यात ऑक्टोबरात गहू सोडणारा मेमधल्या टँकरच्या खेपा वाचवतो. त्या खेपांच्या खर्चातला काही हिस्सा आधीच त्याच्या हातात पडला, तर पुढच्या सभेत खुर्च्या कमी सरकतील.