अमेरिकेतील घरगुती काडतूसभरणी : यंत्रापेक्षा नित्यक्रम महत्त्वाचा

अमेरिकेत अनेक नेमबाज व शिकारी वापरलेली काडतुसे घरीच पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरापुरती भरणी करण्यास तेथील संघराज्य कायद्यानुसार परवाना लागत नाही. विक्रीच्या व्यवसायासाठी मात्र तो अनिवार्य आहे.

काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी. यांपैकी पुंगळी तेवढी पुन्हा वापरता येते आणि त्यातूनच बचत होते.

भरणीची यंत्रे प्रामुख्याने दोन प्रकारची आहेत. साध्या यंत्रात दांडा एकदा ओढला की एकच क्रिया होते. वेग कमी असतो. परंतु प्रत्येक पुंगळीकडे लक्ष राहते. बहुटप्पी यंत्रात अनेक क्रिया एकाच वेळी होत असल्याने नजरचुकीची शक्यता वाढते. त्यामुळे नवशिक्यांना साधे यंत्र व अचूक काटा घेण्याचा सल्ला दिला जातो.

खरा धोका विस्मरणाचा आहे. एकाच पुंगळीत दारू दोनदा पडल्यास बंदूक फुटू शकते; मुळीच न पडल्यास गोळी नळीत अडकून पुढचा बार घातक ठरतो. म्हणून मेजावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवणे, प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घेणे, गोळी बसविण्यापूर्वी सर्व पुंगळ्या विजेरीच्या प्रकाशात तपासणे आणि प्रत्येक तुकडीची नोंद ठेवणे, हा नित्यक्रम पाळला जातो.

भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना काडतुसे तयार करण्यास मनाई आहे. २०१९ मधील दुरुस्तीनंतर या गुन्ह्यासाठी किमान ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.